दुधाच्या कट्ट्यापर्यंत

क्लिफ रेस्ट्रिक नाताळनंतर दोनच दिवसांनी गेला, आणि त्याच्यावर मनसोक्त चिडायलाही त्याच्या बायकोला, एनिडला, कुणी सवड दिली नाही. घरात सारखी माणसं. कुणी झाकलेल्या भांड्यातून मटणाचा पाय आणत होतं, कुणी केक. खुर्चीत टेकलं की जो तो एकच पालुपद लावायचा: बर्फावर कॅरियर चालवावी ती क्लिफनंच. एकतीस वर्षं दर नववर्षाच्या सकाळी या घाटरस्त्यानं ती चार टनांची गाडी खाली आणली, कधी एक दगड हलला नाही भिंतीचा. एनिड चहा ओतत ऐकून घ्यायची. रात्री जबडा ठणकायचा, इतके दात आवळलेले असायचे दिवसभर.

कारण क्लिफनं ती गाडी बर्फावर एकदाही खाली आणलेली नव्हती. एनिडनं आणली होती. एकतीसच्या एकतीस वेळा.

कॅरियर म्हणजे महायुद्धातली बुटकी चिलखती गाडी, वरून उघडी, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर पळणारी. युद्ध संपल्यावर फौजेनं त्या कवडीमोलानं काढून टाकल्या आणि डोंगरातल्या मेंढपाळांनी उचलल्या, हिवाळ्यात मेंढ्यांना गवत पोचवायला. ही गाडी एनिडच्या बापानं घेतलेली. गाडी त्रेचाळीस साली बनली, एनिडही त्रेचाळीसची. तेराव्या वर्षी ती गाडीत बसून गवत न्यायची, पायाखाली लाकडी खोका घेऊन, कारण पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. बाप गेल्यावर गाडी कोठारात गंजत पडली. क्लिफशी लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्याला जुन्या लष्करी गाड्यांच्या मंडळाचा नाद लागला, आणि सासऱ्याची गाडी एकदम 'क्लिफची कॅरियर' झाली. मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत फोटो छापून यायचा, खाली ओळ असायची: क्लिफ रेस्ट्रिक आणि त्याची कॅरियर. सँडविच: एनिड.

पहिल्या वर्षी क्लिफ खरंच चालवायला बसला होता. फाटकाबाहेर पन्नास पावलांवर गाडी आडवी होऊन भिंतीला लागली आणि हा पांढराफटक पडला. चूक त्याची एकट्याची नव्हती. पट्ट्यांची गाडी म्हटली की बर्फात कुठेही जाईल असं सगळ्यांनाच वाटतं. भुसभुशीत बर्फात जातेही. पण डांबरी रस्त्यावर पाणी गोठून काच झालेली असली की सपाट लोखंडाला धरायला काही उरत नाही. स्टिअरिंग जरासं फिरवलं तर पट्टे नुसते वाकतात आणि गाडी हळूच कलते. जास्त फिरवलं की एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो, आणि बर्फावर पट्टा थांबला की गाडी तुमची राहत नाही. म्हणून स्टिअरिंग दोन बोटांपलीकडे फिरवायचं नाही, ब्रेकला शिवायचं नाही, उतार गिअरवर उतरायचा आणि एक पट्टा कडेच्या गोठलेल्या गवतावर ठेवायचा. बापानं हे शिकवलं होतं ते कानाखाली आवाज काढून. एनिडनं त्या दिवशी क्लिफला उठवलं आणि स्वतः बसली. तो पुढे चालत कौन्सिलच्या पिवळ्या पेटीतलं बर्फ वितळवायचं खडीमीठ बादलीनं रस्त्यावर फेकत राहिला.

शेवटच्या वळणावर दगडी कट्टा आहे. पूर्वी शेतकरी त्यावर दुधाचे कॅन ठेवायचे. तिथून पुढे रस्ता सपाट होतो आणि खालचं गाव दिसू लागतं: चर्च, त्याला लागून पब, पबसमोर मंडळाच्या नववर्षाच्या मेळाव्याला जमलेली माणसं. तिथे क्लिफ म्हणाला, "एनिड, जरा थांब ना इथे. एवढं शेवटचं मी नेतो. सगळे बघतायत, बरं दिसेल."

एकदाच तर आहे, असं तिला वाटलं. पडलेल्या चेहऱ्याच्या नवऱ्याला दोनशे यार्ड सुख मिळालं तर काय बिघडलं. बिघडलं ते असं की पुढच्या वर्षीही तो कट्ट्यापाशी थांबला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी. पबचा मालक लेस्ली ट्रे घेऊन बाहेर यायचा, उजवीकडच्या ड्रायव्हरला रमचा ग्लास, डावीकडच्या एनिडला कपभर चहा. क्लिफ रम प्यायचा आणि वळणं कशी घेतली ते सांगायचा. एनिड मूग गिळून सँडविचचा डबा उघडायची. आपण का गप्प बसलो याचा तिला आता नवऱ्याइतकाच राग येत होता.

त्या जानेवारीत थंडीनं कहर केला. क्लिफला जुन्या रीतीप्रमाणे घरी आणून समोरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि तेवढ्यात रस्ता गोठला. अंत्यविधीवाल्या मेटकाफनी फोन करून कळवलं की त्यांची गाडी चढावर येणं शक्य नाही, आठवडाभर थांबावं लागेल. एनिड म्हणाली, थांबायचं काही कारण नाही, कॅरियर आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला मंडळाचा अध्यक्ष रोलंड पिकर्सगिल पायी चढून आला, बरोबर शवपेटी उचलायला सहा जण. रोलंड निवृत्त शाळा तपासनीस. त्याच्याकडे एक जीप होती, पावसाचा थेंबही न लागलेली. त्यानं एनिडचे दोन्ही हात हातात घेतले आणि मंडळानं ठरवलंय असं सांगितलं: कॅरियर तो चालवणार, तिनं शेजारी पांघरूण घेऊन बसायचं, कशाची काळजी करायची नाही.

"मी चालवणार आहे," एनिड म्हणाली.

"एनिड, अगं, आजचा दिवस असा. तुझं मन थाऱ्यावर नाही. आणि ही क्लिफची गाडी आहे, हिला बर्फावर नेणं म्हणजे खायचं काम नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं वाद घातला नाही, किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, पेटी चढवायच्या आधी अंगणात एक फेरी मारून दाखव. रोलंड ऐटीत बसला. गाडी कोठारातून बाहेर आली, त्यानं स्टिअरिंग मोटारीसारखं गरकन फिरवलं, डावा पट्टा थांबला, आणि चार टन लोखंड अंगणभर आडवं घसरत गेलं. सहाही जण भिंतीवर चढले. कोळशाची पेटी चेपून सपाट झाली तेव्हा कुठे गाडी थांबली. रोलंडचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"उतर," एनिड म्हणाली.

तो उतरला. तिनं कोळशाच्या पेटीकडे पाहिलं आणि त्याच्या हातात बादली दिली. खडीमीठ टाकत पुढे चालायचं, तिनं बजावलं, मधून नाही, डाव्या कडेनं. 

शवपेटी इंजिनावर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर दोरानं बांधली. एनिड उजवीकडे बसली, अंगावर अंत्ययात्रेचा काळा कोट आणि पायात बापाचे बूट. गाडी फाटकातून बाहेर पडली. पहिल्या गिअरमध्ये, डावा पट्टा गवतावर. मागून सहा जण काठ्या टेकत येत होते. उतारावर पट्टे कुरकुरत होते आणि ती मनातल्या मनात क्लिफला फैलावर घेत होती. लबाडा. ढोंग्या. माझ्या बापाची गाडी. माझे हात. आणि पुस्तिकेत माझं नाव कुठे, तर सँडविचपुढे.

रोलंड पुढे चालत होता. दर तीन पावलांना तो मागे वळून बघायचा, गाडी अंगावर तर येत नाही ना. दोनदा त्याचा पाय घसरला. दुसऱ्या वेळी तो बादलीसकट बसला आणि उठताना पुन्हा मागे बघितलं. एनिडच्या एकदम ध्यानात आलं की क्लिफनं कधी मागे वळून बघितलं नव्हतं. एकतीस हिवाळ्यांत एकदाही नाही. चार टनांची गाडी पाठीशी, पायाखाली काच, आणि तो शिट्टी वाजवत खडीमीठ फेकत चालायचा. चालवणारी कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या विचारानं तिचा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. एवढं ठाऊक होतं तर बोलायला काय झालं होतं मेल्याला?

कट्ट्यापाशी आल्यावर तिचा पाय आपोआप वर आला. गाडी मंदावली आणि थांबली. खाली गाव दिसत होतं, चर्चच्या फाटकाशी काळे कोट घालून उभी माणसं, सगळ्यांची तोंडं वर.

रोलंड धापा टाकत परत आला. गाडी का थांबली याचा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. "बरं केलंस थांबलीस," तो हळू आवाजात म्हणाला. "इथून सपाट आहे. एवढं शेवटचं मी नेतो. सगळे बघतायत, बरं दिसेल."

अगदी तेच शब्द. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. एनिड सीटवर वळली आणि मागच्या पेटीकडे बघून मोठ्यानं बोलली, मागच्या सहा जणांनाही ऐकू जाईल असं.

"आज नाही, क्लिफ. आज तू पडून राहायचं. मी आणली इथवर, दर वर्षी मीच आणली, आणि पुढेही मीच नेणार."

 सहांपैकी सर्वांत म्हातारा जो होता त्यानं टोपी काढली.  रोलंड बादलीकडे बघत उभा राहिला, एकतीस वर्षांचे फोटो आठवत असावा.

"चाल पुढे," एनिड म्हणाली. "आणि मागे बघू नकोस. मी आहे."

तो गेला, आणि यावेळी मागे वळला नाही. वळण तिनं दोन बोटांत घेतलं. चर्चसमोर गाडी उभी केली तेव्हा पबच्या दारातून लेस्ली ट्रे घेऊन आला. थंडीत उतरून आलेल्याला द्यायचं, ही त्याची दर वर्षाची रीत. ट्रेवर रमचा एक ग्लास आणि चहाचा एक कप. तो सवयीनं चहा घेऊन डावीकडे गेला. डावी सीट रिकामी होती. त्यानं उजवीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"रम ड्रायव्हरची असते ना?" एनिडनं विचारलं आणि हात पुढे केला.

लेस्लीनं ग्लास तिच्या हातात दिला. तिनं तो सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. घशातून आग उतरत गेली. ग्लास परत ठेवताना, क्लिफ गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू आलं.