टोपणनावाचा रकाना

माझी दोन नावं आहेत, आणि त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. त्या दोन्हींवरून पुरेसा तमाशा झालाय.

एक बाबांनी ठेवलेलं. दुसरं लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहिलेलं. पहिल्यात काय खोट होती? काही नाही. सासरी त्याच नावाची एक चुलत सासू होती, एका हाकेला दोघी उठून आल्या तर पंचाईत, एवढंच कारण. मी सव्वीस वर्षांची, इंजिनिअर, स्वतःच्या पगारावर जगणारी बाई, आणि त्या ताटासमोर बसून दात काढत होते. फोटो आहे. तो बघितला की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

लग्नानंतर लगेच डब्लिनला यायचं ठरलं, म्हणून पासपोर्ट तांदळातल्या नावाने निघाला. मग व्हिसा त्या नावाने, बँक त्या नावाने, हृदयात बसवायचे स्टेंट बनवतो त्या आमच्या कारखान्यातला गळ्यातला बिल्ला त्या नावाने. बारा वर्षं डब्लिनच्या विमानतळाजवळ, स्वोर्ड्समध्ये, मी त्याच नावाने राहिले. जुनं नाव फक्त फोनवर आईच्या तोंडी उरलं होतं.

मग एका शनिवारी आमची गाडी बंद पडली. घराजवळच्या चढावर नवरा स्टिअरिंगला बसला होता आणि मी मागून ढकलत होते. असं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, नंतर पडला. दोन घरं सोडून राहणारी एक बाई दारात चहाचा मग घेऊन बघत होती. विमानतळावर सामान चढवायचं काम करते ती. सात-आठ वर्षं आमचं बोलणं "ग्रँड डे", म्हणजे छान हवा आहे, याच्या पुढे गेलं नव्हतं. गाडी वर पोचली तेव्हा ती धावत आली आणि म्हणाली, "तुझं नाव काय?"

मला धाप लागली होती. तोंडातून बाबांनी ठेवलेलं नाव निघालं. का निघालं, देव जाणे. डोकं थकलं होतं, जिभेने आपलं काम केलं.

ती नव्या क्लबची कप्तान निघाली. महिलांचा रग्बी लीगचा क्लब, पहिलंच वर्ष, आणि एक जुना क्लब ऐनवेळी बाहेर पडल्यामुळे थेट सगळ्यात वरच्या लीगमध्ये. "मला पुढे धावत जाऊन भिंतीला धडकणारी बाई हवीय," ती म्हणाली. "अक्कल नसली तरी चालेल." एवढं मनापासून कौतुक माझं बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं, मी हो म्हणून टाकलं.

रग्बी लीग म्हणजे तेरा जणींचा खेळ. बॉल घेऊन पळायचं, समोरच्या बायका पाडतात, उठायचं, परत पळायचं. सहाव्यांदा पाडलं की बॉल त्यांचा. रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, म्हणजे गुण. आयर्लंडमध्ये रग्बी म्हटलं की सगळ्यांना पंधरा जणांचीच माहीत, त्यामुळे इथले लोक विचारायचे, "म्हणजे खरी रग्बी नाही का?" आणि आपले लोक विचारायचे, "तू कबड्डी खेळायचीस का गं?" अहो डोंबल! शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतंय अशी चिठ्ठी नेणारी मुलगी मी. अडतिसाव्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं की अंगात ताकद आहे. आधी कुणी का नाही सांगितलं, याचाही मला रागच आला.

लीगच्या वेबसाइटवर नोंदणी करताना पासपोर्टचा फोटो मागितला, म्हणून मी पासपोर्टवरचं नाव टाकलं. सामन्याआधी संघाची यादी कप्तान हाताने लिहायची, आणि तिला माहीत असलेलं नाव लिहायची. एका कागदावर एक बाई, दुसऱ्या कागदावर दुसरीच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कबूल. कारखान्यात एका लेबलवर एक अक्षर चुकलं तर अख्खी बॅच अडवणारी बाई मी! पण मैदानावर बारा बायका माझं नाव घेऊन ओरडत होत्या, "र" चा पार चुथडा करून, आणि मला इतकं बरं वाटत होतं की कागद आठवलेच नाहीत.

अख्ख्या सीझनमध्ये ते कुणालाही दिसलं नाही. कारण आम्ही हरत होतो. थोडंथोडकं नाही, साफ धुतले जात होतो. हरणाऱ्यांची यादी वाचतो कोण?

पण नव्या क्लबला एक अट होती. पहिल्या वर्षात निदान एक सामना जिंकायचा, नाहीतर वरच्या लीगमधून बाहेर. आता गंमत बघा, खाली महिलांची लीगच नव्हती! म्हणजे बाहेर काढणार आणि पाठवणार कुठे? घरी. क्लब बंद. ही अट घालणाऱ्याच्या घरी बायका नसाव्यात.

शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. नवरा पहिल्यांदाच आला. आधी म्हणायचा, "तुला पाडतात ते बघवत नाही." तो रेषेबाहेर उभा होता आणि डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जात होतं. बरोबरीत असताना कप्तानने बॉल माझ्या पोटात कोंबला. समोर तिघी होत्या. मी डोळे मिटले आणि गाडी ढकलली. उघडले तेव्हा बॉल रेषेपलीकडे होता आणि माझ्यावर सात-आठ बायका पडल्या होत्या. आणि विमानाच्या वरताण आवाजात माझा नवरा ओरडत होता. तांदळातलं नाव. एकदा नाही, चार-पाचदा.

आमच्या संघातल्या बायका विचारायला लागल्या, "युअर मॅन कुणाला हाका मारतोय?" आणि समोरच्या संघाचा मॅनेजर हातातल्या यादीवर बोट फिरवत होता. त्या नावाची बाई त्याला यादीत सापडत नव्हती.

आठवड्याने लीगचं पत्र आलं. नोंदणी झालेली खेळाडू सामना खेळलेली नाही, आणि सामना खेळलेल्या खेळाडूची नोंदणी नाही. विजय रद्द का करू नये, ते येऊन सांगा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणजे दोन बायका, आणि दोघीही चूक!

सुनावणी एका कम्युनिटी हॉलमध्ये होती. टेबलामागे तिघं होते, बोलत होता एकच, लीगचा सचिव. चहा होता, बिस्किटं होती. "कुणीही तुझ्यावर आरोप करत नाहीये," तो इतक्या गोडीत म्हणाला की मला आरोपच बरा वाटला असता. मी नाव बदलल्याचं राजपत्र नेलं होतं, ते मराठीत. आणि पुरावा म्हणून लग्नातला फोटो.

सचिवाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा भात आहे का?"

"तांदूळ. कच्चे. त्यात माझं नवं नाव लिहिलंय."

"छान आहे," तो म्हणाला. "नाव का बदललं?"

काय सांगू? सांगितलं. घरात त्या नावाची एक काकू होती म्हणून. तिघांतल्या बाईने बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नसेल. लाज कसली, संताप. सासूबाईंचा, नवऱ्याचा, या तिघांचा, आणि सगळ्यात जास्त त्या फोटोत दात काढणाऱ्या बयेचा.

तेव्हा माझ्या शेजारी बसलेली कप्तान उठली. म्हणाली, "माझ्या पासपोर्टवर माझं नाव आयरिशमध्ये आहे. यादीत मी इंग्रजीत लिहिते. आमच्यात अशा तिघी आहेत, समोरच्या संघात किती आहेत ते त्यांना विचारा. मग आम्हीही बिननोंदणीच्या का?"

मी तिची नोंदणी आणि यादी, दोन्ही बघितलेली होती. तिच्या आयरिश नावातली निम्मी अक्षरं तोंडात येतच नाहीत, आणि इंग्रजी नावाशी त्याचं एक अक्षर जुळत नाही. पण सचिव म्हणाला, "ते वेगळं. ते एकाच नावाचे दोन अवतार आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना म्हणजे कुणाला? मला तर माहीत नव्हतं! मी विचारलंसुद्धा. त्याने चहा ढवळला.

शेवटी त्यांनी एक फॉर्म काढला. त्यात दोन रकाने होते. वर नाव, खाली टोपणनाव. वर पासपोर्टवरचं लिहायचं, खाली मैदानावरचं, आणि सही करून शुक्रवारपर्यंत पाठवायचं. मग ती लिहिण्यातली चूक धरू, विजय कायम राहील. कप्तानने टेबलाखाली माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बघ, झालं! एक सही."

झालं? बाबांनी ठेवलेलं नाव, ज्याने मी शाळेत गेले, डिग्री घेतली, ते टोपणनाव? बबडी, चिंगी, पिंकी यांच्या रांगेत?

घरी नवरा म्हणाला, "अगं, रकानाच तर आहे. भर ना."

"तुझं नाव उद्या कुणी टोपण केलं तर?"

"मी काय केलं? आईने सांगितलं ते लिहिलं मी तांदळात."

"हो ना! अंगठी तुझ्या हातात होती, आणि अक्कल आईंच्या!"

तो ताट उचलून आत गेला. आमची मुलगी, वय दहा, टीव्हीसमोरून म्हणाली, "मम्मा, वेट, तुझं दुसरं नेम होतं? आणि यू जस्ट लेट देम?" मी भांडी आपटली.

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म भरला. वरच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. खालच्या, टोपणनावाच्या रकान्यात तांदळातलं. सही केली आणि पाठवून दिला.

मग कप्तानच्या दारात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "त्या बारा जणींना विचारलंस?"

"नाही."

"त्यांचा क्लब आहे तो. तुझा एकटीचा नाही."

बरोबर होतं तिचं. म्हणूनच जास्त झोंबलं. मला वाटलं होतं ती माझी पाठ थोपटेल. तिने दार लावलं. सोमवारपर्यंत मी अन्न नुसतं चिवडलं. ज्या बायकांनी मला माझ्या नावाने हाक मारली, त्यांचंच मैदान मी त्या नावापायी पणाला लावलं होतं. आणि तरी, परत फॉर्म दिला असता तर परत तसाच भरला असता. हे तेव्हाही माहीत होतं, म्हणून झोप नव्हती.

सोमवारी उत्तर आलं. एकच ओळ. फॉर्म मिळाला, विजय कायम, पुढच्या सीझनसाठी शुभेच्छा. मी तीनदा वाचलं. त्यांनी रकाने बघितलेसुद्धा नव्हते! मी चार दिवस मरत होते आणि त्या माणसाला फक्त दोन्ही रकाने भरलेले हवे होते. मी कप्तानला फोन केला आणि आनंदाची बातमी शिव्यांसकट सांगितली. ती म्हणाली, "मंगळवारी सात वाजता सराव. आणि पुढच्या वेळी आधी आम्हाला सांगायचं." मी हो म्हटलं.

नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. तांदळातलं नाव घ्यायची त्याची छाती नव्हती आणि दुसरं तोंडात बसत नव्हतं. सगळा हिवाळा त्याने "अगं" वर काढला. "अगं, चावी कुठाय", "अगं, दूध संपलं". कारखान्यातून आलेला माझा फोन उचलून त्याने एकदा "ती आंघोळीला गेलीय" असं सांगितलं, पण नाव घेतलं नाही.

नव्या सीझनचा पहिला सामना. आम्ही परत मागे होतो, परत पाऊस होता. मुलीने बापाला रेषेपाशी आणून उभं केलं होतं. माझ्या हातात बॉल होता, समोर भिंत, मी पळत सुटले होते. आणि रेषेवरून हाक आली. बाबांनी ठेवलेलं नाव, स्वच्छ, "र" सकट. लग्नात सगळ्यांनी "नाव घे, नाव घे" म्हणून गलका केला तेव्हा त्याने यमक जुळवून दुसरंच नाव घेतलं होतं. हे आत्ता, पावसात, ओरडून.

बॉल माझ्या हातातून सटकला. समोरच्या बाईने तो उचलला आणि पळाली. कप्तानने कपाळावर हात मारला.

मी वळले आणि भर मैदानातून त्याच्यावर ओरडले, "आत्ताच सुचायचं होतं का तुला? तेरा वर्षं काय मूग गिळून बसला होतास?"

तो छत्री खाली करून भिजत उभा राहिला.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "परत म्हण!"