पंधरा तासांची एकादशी

"अरे माधव, दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेसहाला सॅन फ्रान्सिस्को? एवढ्या वेळात आमचा ऑटो मंगला गौरी मंदिरापासून बाबतपूर एअरपोर्टला पोचत नाही!"

गुरुजींनी तिकिटाचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला. वय चौऱ्याहत्तर, जन्म काशीतला, परदेशप्रवास पहिलाच. नातवाची मुंज लावायला निघाले होते. बनारसमध्ये मी वीस वर्षं तिकिटं काढतोय, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ होता.

"गुरुजी, तिकिटावर त्या त्या गावाचा लोकल टाइम असतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. अंतर साधारण बारा हजार किलोमीटर, उडायला पंधरा तास."

"आणि उतरल्यावर तारीख?"

"तीच."

 गुरुजी हळूच म्हणाले, "त्या दिवशी निर्जला एकादशी आहे."

म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. पारणं दुसऱ्या दिवशी, सूर्योदयानंतर. मी बोटांवर हिशोब केला. पंधरा तास विमानात, आणि उतरल्यावर तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून. जवळजवळ चाळीस तास! 

मुंज उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी होती आणि आधीची विमानं फुल. मी त्यांच्या मुलीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या वैदेहीला, फोन लावला.

"माधवकाका, तिकीट कॅन्सल करा. बाबा व्रत मोडणार नाहीत आणि त्यांचं काही झालं तर? ऑनलाइन मंत्र सांगतील."  मला फार वाईट वाटलं. नातवाची मुंज स्क्रीनवरून लावायला गुरुजींचं काही ऑनलाइन दुकान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅन्सल करायला बसलो, तेवढ्यात गुरुजी पंचांग काखोटीला मारून हजर.

"विमान जातं कोणीकडून? पूरब की पश्चिम?"

मी रूट उघडला. जपानवरून, पॅसिफिक ओलांडून.

"म्हणजे पूरब! सूर्य समोरून येणार. चढल्यावर एक सूर्योदय, वाटेत सूर्यास्त, उतरताना दुसरा सूर्योदय. बरोबर?"

"बरोबर, पण तारीख तीच..."

"तारीख तुझ्या तिकिटाची रे. तिथी चंद्राची. एकादशी आपल्या दुपारी बाराला संपते, तेव्हा मी समुद्रावर. उतरलो की द्वादशी. पारणं!"

माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाने मान खाली घातली आणि मी कॅन्सलचं पान बंद केलं.

ठरल्या दिवशी वैदेहीचा फोटो आला. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीशी उभे राहून गुरुजी वरणभात खात होते. पाठोपाठ त्यांचा व्हॉइस मेसेज: "माधव, मुंज उद्या ठरल्या वेळी लागेल. पण इतकी स्वस्तात पडलेली एकादशी मनाला पटत नाही बुवा. पुढच्या वर्षी पश्चिमेकडून जाणारं विमान बघ, दिवस तरी लांबेल."

तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरशेजारी पंचांग असतं. गिऱ्हाइकाला आधी तिथी विचारतो, मग तारीख.