तुले काही वाटते का?

नात दहावीत गेली आणि मला तिचा संशय यायला लागला. शिकवणीहून आली की दार लोटून पडायची. मोबाईल उशाखाली. जेवायला बोलावलं तर भूक नाही. या वयात भूक एकाच कारणानं मरते, असं मी धरून चालले. पोरगा कोणाचा, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

एकदा बाजाराचं निमित्त काढून दिग्रसला तिच्या मागं गेले. शिकवणीला ती गेलीच नाही. बसस्टँडच्या बाकावर बसली. पुसदची गाडी लागली, सुटली. यवतमाळची लागली, सुटली. येणाऱ्या प्रत्येक पोरावर माझी नजर. तिच्याजवळ कोणी आलं नाही. मग मीच पुढं झाले.

"कोणाची वाट पाहून राह्यली?"

"कोणाचीच नाही."

"बाप शिकवणीले धाडते, अन् तू इथं बसते. तुले काही वाटते का?"

"नाही वाटत."

लोक होते म्हणून हात आवरला. बापाला सांगितलं, शाळा बंद कर, स्थळ पाहा. तो म्हणाला, "माय, परीक्षा तं होऊ दे."

पुढं तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं बकरीचं पिल्लू मेलं. ती रडली नाही. मी भाकरी थापत होते तिथं येऊन बसली.

"आजी, मले रडू येत नाही. त्या दिवशी तुले सांगतलं ना, काही वाटत नाही. भाजी मातीसारखी लागते. मी असली काय, नसली काय, सारखंच."

'काही वाटत नाही' म्हणजे लाज नाही, एवढंच मला ठाऊक. तरी हीही थाप असेल म्हणून तोंड निरखलं.

"खरं सांग, पोरगं हाये का?"

"असतं तं बरं झालं असतं."

भाकरी करपली.

यवतमाळच्या डॉक्टरनं मला बाहेर बसवलं. ते आवडलं नाही. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं, पोरीवर नजर ठेवा म्हणाला. हे त्यानं मला शिकवायची गरज नव्हती. गावात सांगितलं, डोळ्याचा नंबर काढायले नेलतं.

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, "फवारणीचं औषध घरातून काढ. आत्ताच."

"कायले?"

"ते भावाच्या घरी ठेव. कुलपात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडं. डबे गाडीला बांधले.