चिंतामणी शालू

उल्हासनगरच्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहून माझे पाय इतके सुजतात, की घरी आल्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ तासभर जात नाही. त्यामुळे टीव्हीवरच्या मालिकेतल्या लग्नाची मला काडीची हौस नव्हती. पण गेल्या वर्षी ते लग्न टाळताही येईना. बायका दुकानात शिरताच मोबाइल पुढे करायच्या आणि मालिकेच्या जाहिरातीतल्या नवरीचा शालू दाखवायच्या. "हाच पाहिजे." चिंतामणी रंग, निळा म्हणावा तर हिरवा दिसणारा, मोतिया काठाचा. आमच्या सिंधी शेठने जाहिरात बघूनच तो माल भरला होता. मी तो दिवसभर उलगडायचे, खांद्यावर टाकून दाखवायचे आणि पुन्हा घडी घालायचे. वैताग नुसता.

त्यातलाच एक मी माझ्या लेकीसाठी आणला होता. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा शिरगावचा, शांत, चांगल्या नोकरीतला. लेक अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये जायची. तिथल्या कामाबद्दल बोलायला लागली की ताटातला भात गार व्हायचा. साखरपुड्याला तिने सरळ विचारलं होतं, लग्नानंतर नोकरी चालू ठेवली तर चालेल ना? मुलाची आई गोड हसून म्हणाली, "नंतर बघू गं." आमचे हेही हसले, पेढ्यांचं ताट फिरलं आणि विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला. लेक त्या दिवसापासून घरात गप्प गप्प असायची. हॉल, आचारी, पत्रिका, मानपानाच्या साड्या यांत मी बुडाले होते. लग्नाच्या आधी मुली अशा होतातच, असं सगळे म्हणत होते.

मालिकेतलं लग्न लागलं त्या संध्याकाळी बेलवलीच्या आमच्या घरात खऱ्या लग्नासारखी गडबड होती. आमच्या सासूबाईंचं एक आहे. टीव्हीवर कुणाचंही लग्न लागो, मंगलाष्टका सुरू झाल्या की त्या उठून उभ्या राहतात, डोक्यावर पदर घेतात आणि टीव्हीवर अक्षता टाकतात. बसून लग्न बघितलं तर नवरा-नवरीचा अपमान होतो म्हणे. मागून तांदूळ झाडायला मी आहेच. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं, शेजारीणही आली होती, तिच्याही मुठीत तांदूळ दिले. दर "सावधान"ला टीव्हीवर तांदळाचा मारा. शेवटची मंगलाष्टका चालू असताना त्या नवरीने अंतरपाट स्वतःच्या हाताने खाली ओढला. नवऱ्याला काहीतरी विचारलं, ते शेजारणीच्या "अगं बाई, अगं बाई" मध्ये ऐकूच आलं नाही. मग हातातला हार पाटावर ठेवून ती मांडवातून चालत निघून गेली.

सासूबाईंची मूठ वरच्या वर राहिली. "भरले मांडवानशी उठून गेली गो!" मग त्यांनी लेकीचा शालू ठेवलेल्या कपाटाकडे बघितलं. "त्या लुगरा नको गो आपले पोरीला. आजच बदलून टाक."

"आज कसं बदलू? दुकान बंद झालं," मी म्हटलं आणि झाडू आणायला गेले. लेक माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. तिने मूठ उघडली आणि तांदूळ डब्यात परत टाकले. मूठ भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी शेठ गल्ल्यावर डोकं धरून बसला होता. "दीदी, प्रोमो में तो हस रही थी! माल प्रोमो बघून भरला ना मी!" कालपर्यंत जो शालू हवा म्हणून बायका भांडत होत्या, त्याच्याकडे आज कुणी बघेना. उलट परत द्यायला येऊ लागल्या. फॉल लावलेली साडी परत घ्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तर एक बाई फॉल उसवून घेऊन आली, काठावर सुईची भोकं दिसत होती, आणि मलाच म्हणते, नवीच आहे, हात लावला नाही. दुसरी म्हणाली, रंगच पनवती. तिसरीने तर मला दम दिला, तुम्हीच गळ्यात मारली. मी दिवसभर हो ताई, नाही ताई करत चिंतामणी शालूंच्या घड्या घालत राहिले. जीव अगदी मेटाकुटीला आला.

घरी आले. लेकीने न सांगताच बादलीत गरम पाणी आणून दिलं. मी पाय सोडून बसले.

"आई, शालू बदलणार?"

"बदलावाच लागेल. आजी ऐकणार नाहीत."

ती तिथेच बसली. "सगळे शालूचंच बोलतायत. ती का उठली, ते विचारलं कुणी?"

मी आठवून बघितलं. दिवसभरात खरंच कुणी विचारलं नव्हतं. "का उठली?"

"मी मोबाइलवर परत बघितलं. ती गाणं शिकवायची. तो सारखा म्हणायचा, ते लग्नानंतर बघू. अंतरपाट ओढून तिने तेच विचारलं, आत्ता सांग. तर तो आईकडे बघायला लागला." एवढं बोलून लेक टॉवेल आणायला उठली. तिचा आवाज मालिकेबद्दल बोलताना असतो तसा नव्हता.

 मला नर्सिंग करायचं होतं. माझ्या लग्नातही, ह्याच घराच्या ओटीवर, मला हेच सांगितलं होतं, नंतर बघू. तेव्हापासून घरातल्या कुणी ते बघितलं नाही, आणि मीही विचारायचं सोडून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाची आई. "विहीणबाई, तो चिंतामणी शालू तेवढा नको हं. आमच्याकडे सगळे नाराज आहेत. शंका कशाला ठेवायची मनात?"

"बदलते," मी म्हटलं. "उद्याच बदलते. पण माझ्याही मनात एक शंका आहे. लेकीच्या नोकरीचं काय?"

"अहो, ते आपण नंतर..."

"शालूचं आत्ता बघतोय ना? मग नोकरीचंही आत्ताच बघू."

 फोनवर पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येत होता. लेक टॉवेल हातात धरून दारात उभी होती, हलत नव्हती. सासूबाई काहीतरी खुणा करत होत्या, मी तिकडे बघितलं नाही. बादलीतलं पाणी गार झालं होतं. मी फोन कानाला धरून बसून राहिले. गिऱ्हाईक हो की नाही सांगेपर्यंत थांबायची मला सवय आहे.