उतरवलेली दोन पॅनलं

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली थांबराव म्हणते. हा माणूस स्वतः कधी क्षणभर थांबला असेल तर शपथ! पायाला नुसती भिंगरी. आजवर दीडदोनशे घरांवर यानं सोलर बसवलं, पण स्वतःची गच्ची तेवढी मोकळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"ताई, भाव घसरतोय अगं," हे त्याचं पालुपद. "आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा." भाव उतरला की काहीतरी नवीन निघायचं. दोन्ही बाजूंनी ऊन घेणारं पॅनल. मग चटईसारखं गुंडाळता येणारं. मग म्हणे खिडकीची काचच वीज तयार करणार! घास हातात तसाच आणि डोळे मोबाइलमध्ये.

इकडे माझी भावजय शाळेचे गणवेश शिवते. घरात विजेवरचं मशीन आहे, पण रोज दुपारी चार तास वीज गायब. मग ती पायमशीनवर बसायची. त्यात उजवा गुडघा पार कामातून गेला. डॉक्टरांनी बजावलं, "पायमशीन बंद करा, नाहीतर चालणं विसरा." तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सहा महिने थांब गं, काय भारी डिझाइन येतंय!" त्याला दोन वर्षं झाली. ती बिचारी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढायची, आणि याला ते दिसायचंसुद्धा नाही.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेल्याला सांगायचं तरी काय, कप्पाळ! शेवटी आम्ही दोघींनीच ठरवलं. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एक खोली बघितली. भंगारवाल्याकडून दोन जुनी पॅनलं आणि एक बॅटरी आणली. मशीन दुरुस्तीला टाकलंय असं सांगून तिकडे हलवलं. कुठल्या दुकानात, एवढंही यानं विचारलं नाही.

मग मी त्याला म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एका बाईंना जुनी पॅनलं बसवून हवीत."

"भंगार बसवतंय कोण आजकाल?" म्हणत तो हसतच आला. मी त्याच्यामागून त्या खोलीवरच्या गच्चीवर गेले. त्यानं पॅनल उलटं केलं. मागे त्याच्याच अक्षरात, लाल रंगात लिहिलं होतं, 'बाद'. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला नवीन घ्यायला लावून त्यानंच ते उतरवलं होतं. त्यानं मीटर लावून बघितलं, पुन्हा बघितलं.

"चांगलं चालतंय की," तो पुटपुटला.

पॅनलं बसवून, वायर खाली सोडून तो खोलीत शिरला, तर मशीनसमोर बायको बसलेली. गुडघ्याला पट्टा.

"तू? इथं?" तो म्हणाला. "अगं, मी नवीन बसवून देतो ना! आठ दिवस थांब फक्त."

"अरे गाढवा!" मी ओरडलेच.

ती मात्र शांतपणे म्हणाली, "आधी वायर जोडा."

त्यानं जोडली. मशीन सुरू झालं. तिनं कॉलर सुईखाली सरकवली. हा दारात जाऊन आला, पक्कड खिशात घातली, परत काढली. मग खाली बसला आणि तिच्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "फार दुखतो का गं?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली, आणि कॉलर पुढे सरकवत राहिली.