नाचणीच्या इडलीनंतरची साखर

मंडळी, आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग झाला. निकाल अजून माझ्या पचनी पडलेला नाही.

नवऱ्याला डायबेटिस आहे, पण रविवारची इडली सोडायची त्यांची तयारी नाही. म्हणून वरच्या मजल्यावरच्या तमिळ सेल्वीअक्कांना विचारून यावेळी तांदळाऐवजी नाचणी भिजवली आणि उडदाची डाळ जरा जास्त घातली. इडल्या तपकिरी झाल्या, पण छान फुगल्या.

"अहो, कशी झालीये?"

"दिसते गोवरीसारखी. चव बरी आहे." आमच्याकडे ही मोठी शाबासकी समजतात.

दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर तपासली. गेल्या रविवारी तांदळाच्या इडलीनंतर आली होती, त्यापेक्षा जास्त.

मला काही कळेना. प्रमाण चुकलं की मशीन बिघडलं? शेवटी अक्कांना खाली बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांना एकच विचारलं, "किती खाल्ल्या?"

पेपरमधून डोकं वर न काढता उत्तर आलं, "आठ. पौष्टिक आहेत ना."

"आणि गेल्या रविवारी?"

"तीन. हिने मोजून वाढल्या होत्या."

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. खरंच, आज मी मोजल्याच नव्हत्या. ते आवडीने खात होते आणि मी गरम गरम वाढत होते.

तुमच्याकडे काय होतं? पदार्थ पौष्टिक आहे म्हटल्यावर मोजायचं आधी कोण सोडतं, खाणारा की वाढणारा?