आयताची तिरकी घडी

तिसरीच्या वर्गाला सममिती शिकवत होते. कागदाच्या चौरसाला घड्या घालून सममितीच्या चार रेषा दाखवल्या आणि त्याच झोकात फळ्यावरच्या आयतातही चार काढून मोकळी झाले. मागच्या बाकावरून सायली उठली. तिची आई घरी ब्लाउज शिवते.

"बाई, आयताची तिरकी घडी बसत नाही."

"अगं, दोन्ही भाग सारखेच आहेत की!" मी जरा चिडूनच म्हणाले.

तिने वहीचा कागद तिरका दुमडून उंच धरला. दोन बाजूंना दोन कान बाहेर आले होते.

"सारखे आहेत, पण एकावर एक बसत नाहीत. आई म्हणते, घडी चुकली की कापड वाया."

इतकी वर्षं शिकवतेय. मुलांनी 'हो बाई' म्हटलं की धडा समजला, असं मी धरून चालत आले. ही मात्र माझं ऐकून घेऊनही आपल्या हाताला विचारत होती.

मी डस्टर तिच्या हातात दिलं. टाचा उंचावून तिने दोन रेषा पुसल्या.

मधल्या सुट्टीत तो दोन कानांचा कागद मी सगळ्या शिक्षकांना दाखवत फिरले. स्वतःची चूक अशी मिरवण्याची माझी ही पहिलीच वेळ.